कॉकपिटमधला कान आणि विमानाखालचा कान

धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी गावी आलेला एक मुलगा गेल्या ऑक्टोबरात माझ्याकडे कान तपासायला आला. वय 24. एका मोठ्या शहराच्या विमानतळावर ठेकेदाराकडे लोडर म्हणून लागून त्याला तीन वर्षे झालेली. तक्रार त्याची नव्हतीच, सोबत आलेल्या आईची होती. "ताई, हाक मारली की ओ देतोय, पण काय सांगितलं ते ह्याला कळत न्हाई. एक गोष्ट तीनदा सांगावी लागतीया." मुलगा नुसता हसत होता. आई लोकांना पोराचे लक्ष नाही असेच वाटते, आणि पोरांनाही तेच सोयीचे असते.

कानाच्या तपासणीचे काम मी गेली 18 वर्षे करते आहे. त्याचा ऑडिओग्राम काढला. खालच्या आणि मधल्या पट्टीचे आवाज ठीक होते. 4000 हर्ट्झवर मात्र रेघ एकदम खाली गेली, 45 डेसिबलपर्यंत, आणि 8000 वर पुन्हा थोडी वर आली. हा खड्डा मी शिरोलीच्या फौंड्रीत फेटलिंग करणाऱ्यांच्या आणि इचलकरंजीच्या मागवाल्यांच्या कागदावर शेकडो वेळा पाहिला आहे. पण ती माणसे चाळीशी-पन्नाशीची असतात.

"कामावर कानात काय घालतोस?" म्हणून विचारले. त्याने खिशातून इअरबडची डबी काढून अभिमानाने दाखवली. "नॉइज कॅन्सलिंग हाय ताई. पायलट पण हेच वापरत्यात."

हे वाक्य अर्धे खरे आहे. त्याच्या कानाचे नुकसान झाले ते उरलेल्या अर्ध्यामुळे, म्हणून ते नीट समजून घेऊ.

वैमानिक जे वापरतात त्यामागचे तत्त्व सोपे आहे. आवाज म्हणजे हवेतल्या दाबाची लाट. रंकाळ्याच्या पाण्यात एका लाटेचा उंचवटा दुसऱ्या लाटेच्या खळग्यावर बरोबर आला तर पाणी त्या जागी सपाट होते. हेडसेटच्या वाटीत एक बारीक माइक असतो. तो आलेला आवाज पकडतो, आतली यंत्रणा त्याच्या नेमकी उलटी लाट तयार करते, छोटा स्पीकर ती कानापाशी सोडतो आणि दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. ही कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिचे अमेरिकन पेटंट 1936 साली मिळाले. पण त्या काळात ती कानावर घालता येईल अशी यंत्रणा नव्हती.

ती घडवणाऱ्यांत एक नाव आपल्या देशाशी जोडलेले आहे. डॉ. अमर बोस यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक होते. इंग्रजांच्या ससेमिऱ्यामुळे ते अमेरिकेत गेले आणि तिथेच स्थायिक झाले. अमर बोस एमआयटीत प्राध्यापक झाले. 1978 साली झुरिचहून बोस्टनला परतताना विमानात दिलेले हेडफोन त्यांनी कानाला लावले, तर इंजिनाच्या घरघरीत संगीत ऐकूच येईना. विमानातच कागद-पेन काढून त्यांनी गणित मांडायला सुरुवात केली. 1986 च्या डिसेंबरात डिक रुटान आणि जीना येगर या दोघांनी 'व्हॉयेजर' विमानातून वाटेत कुठेही न उतरता, इंधन न भरता 9 दिवसांत पृथ्वीला फेरी मारली, तेव्हा त्यांच्या कानांवर याच हेडसेटचे प्राथमिक नमुने होते. 1989 पासून असा हेडसेट वैमानिकांसाठी विक्रीला आला.

त्याचा उपयोग कुठे होतो हे कोल्हापूरकरांना आपल्याच विमानतळावरून समजेल. उजळाईवाडीचा विमानतळ 1939 सालचा, राजाराम महाराजांच्या काळातला. 2018 पासून उडान योजनेत इथे पुन्हा नियमित विमाने सुरू झाली. त्यात पंख्याची एटीआर-72 विमाने बरीच. या विमानाच्या पंख्याला 6 पाती असतात आणि उड्डाणाच्या वेळी तो मिनिटाला 1200 फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला 20 फेरे, गुणिले 6 पाती, 120 ठोके. वर गेल्यावर फेरे कमी करतात, तेव्हा ते 100 च्या आसपास येतात. विमानात बसल्यावर छातीत जाणवणारी ती खर्जातली घरघर म्हणजे हेच सेकंदाला 100 ते 120 ठोके. असा खालच्या पट्टीचा, एकसारखा, न बदलणारा आवाज साध्या फोमने किंवा जाड वाटीनेही नीट अडत नाही. उलटी लाट मात्र तो छान मारते. वैमानिकाचा खरा फायदा पुढे आहे. पूर्वी घरघरीवर मात करण्यासाठी ते रेडिओचा आवाज वाढवायचे आणि कानाला घरघर अधिक रेडिओ असा दुहेरी मार बसायचा. आता रेडिओ हळू ठेवून भागते. चार तासांच्या ड्युटीनंतर डोके जड होत नाही, कंट्रोल टॉवरचा शब्द चुकत नाही. यात माझी काही तक्रार नाही. विमान चालवणाऱ्याच्या कानावर लाखाच्या घरातला हेडसेट असेल तर तो असायलाच हवा. मागे बसलेल्या सत्तर माणसांचा जीव त्या कानावर आहे.

पण ही युक्ती चालते ती साधारण 1000 हर्ट्झच्या खाली. त्यावरच्या तीक्ष्ण आवाजाच्या लाटा इतक्या आखूड आणि चपळ असतात की उलटी लाट वेळेवर गाठच घालू शकत नाही. तिथे वैमानिकाला वाचवते ती हेडसेटची जाड, डोक्याला घट्ट दाबून बसणारी वाटी. खर्जासाठी यंत्रणा आणि तीक्ष्ण आवाजासाठी वाटी, असा तो जोडीचा कारभार आहे. त्या मुलाच्या इअरबडमध्ये यातले अर्धेच होते, तेही गाणी ऐकण्यासाठी बनवलेले. गोंगाटात कान वाचवायचे साधन म्हणून ते तपासलेलेही नसते. वर त्यात गाणे चालू असेल तर कानावरचा भार वाढतो आणि मागून रिव्हर्स येणारा ट्रॅक्टर ऐकू येत नाही, ते वेगळेच.

आता विमानाखाली या. तिथला आवाज खर्जाचा कमी आणि शिट्टीसारखा तीक्ष्ण जास्त असतो. एटीआरचीच गोष्ट सांगते, कारण ती कळल्यावर मीही चकित झाले होते. मोठ्या जेट विमानाच्या शेपटीत एक छोटे जादा इंजिन असते. जमिनीवर उभे असताना वीज आणि थंड हवा ते पुरवते. एटीआरला ते नसते. म्हणून बाहेरून विजेची गाडी जोडलेली नसेल तर वैमानिक उजवे इंजिन चालूच ठेवतात आणि फक्त पंखा ब्रेक लावून थांबवतात. याला ते 'हॉटेल मोड' म्हणतात. पंखा थांबलेला दिसला की पाहणाऱ्याला वाटते इंजिन बंद आहे. ते बंद नसते. आतले टर्बाइन गरगरत असते आणि त्याची किंचाळी आसपास पसरत असते. त्या किंचाळीत पोरे बॅगा उतरवतात, चाकांना ठोकळे लावतात, आत जाऊन सफाई करतात. मोठ्या विमानतळावर एक विमान गेले की दुसरे येते आणि शेजारच्या जागेवर तिसरे इंजिन चालू करत असते. उड्डाण घेणाऱ्या जेटजवळ आवाज 120 डेसिबलच्या पुढे जातो.

डेसिबलचे गणित फसवे असते, इतके फक्त लक्षात ठेवा: 3 ने आकडा वाढला की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. 90 आणि 100 मध्ये दहाचा नाही, दहापटीचा फरक आहे. आपल्या कारखान्यांच्या नियमांत 90 डेसिबलमध्ये 8 तास, 95 मध्ये 4, 100 मध्ये 2 आणि 110 मध्ये फक्त अर्धा तास, असे कोष्टक आहे. युरोपात 85 लाच कान झाकणे सक्तीचे होते.

या कोष्टकाच्या मुळाशी 8 तासांचा दिवस गृहीत धरलेला आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात 1942 ते 1946 मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखाना कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. त्यातून बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे 54 तास 48 वर आले. आपण हे जयंतीच्या भाषणात सांगतो. पण ठेकेदाराकडची आपली मुले आज 'विमान लेट आहे, थांब' म्हणत बारा-बारा तास त्या आवाजात उभी असतात, तेव्हा तो हिशेब कानापुरता तरी मोडलेला असतो. कानाला बाकी काही कळत नसले तरी तास बरोबर कळतात.

आतल्या कानात शंखासारख्या वळणाच्या नळीत सूक्ष्म केस असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण 15,000. आवाजाने त्या थकतात. सुरुवातीला विश्रांतीने सावरतात. ड्युटीनंतर कानात दडे बसणे, शिटी वाजणे आणि सकाळपर्यंत बरे होणे, ही ती पायरी. रोज तेच झाले की पेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन नाही. आधी जातात त्या 4000 हर्ट्झच्या आसपासच्या. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, पण स, श, फ, थ, ख यांसारखी व्यंजने वर. म्हणून आवाज येतो आणि शब्द कळत नाही. 'सात' म्हटले की 'हात' का 'सात' असा गोंधळ. त्या माउलीने सांगितले ते शब्दशः बरोबर होते.

जुलै 2024 मध्ये मुंबईत कलिन्याला विमानतळावरच्या हँडीमन-लोडरच्या जागांसाठी हजारो तरुण लोटले होते, ती चेंगराचेंगरीची दृश्ये सगळ्यांनी पाहिली. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून, रात्रभर प्रवास करून, पदवीधर मुलेसुद्धा आली होती. त्या रांगेत आपल्या वस्तीतली मुले नसतील असे मला वाटत नाही. विमानतळावरची नोकरी म्हणजे गावात मान आहे, गळ्यात ओळखपत्र आहे, स्टेटसला विमानासोबत फोटो आहे. त्याला कोणी नावे ठेवू नयेत. माझे म्हणणे एवढेच की त्याच विमानाच्या आतले आणि बाहेरचे कान एका मापाने मोजले जात नाहीत.

वैमानिकाच्या कानाला लायसन्स बांधलेले आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार पहिल्यांदा परवाना देताना ऑडिओमेट्री होते, मग वयाच्या 40 पर्यंत निदान 5 वर्षांतून एकदा आणि त्यानंतर 2 वर्षांतून एकदा. 500, 1000, 2000 हर्ट्झवर 35 डेसिबलपेक्षा किंवा 3000 वर 50 पेक्षा जास्त घट दिसली की प्रश्न उभा राहतो. त्यामुळे कंपनीलाही त्या कानाची काळजी असते. लोडरच्या कानाला असे काही बांधलेले नाही. त्याचा कान गेला तर विमान थांबत नाही, माणूस बदलतो. नोकरीला लागताना त्याची तपासणी झालेली नसते, म्हणून पुढे बहिरेपण आले तर 'आधीपासूनच असेल' म्हणायला ठेकेदार मोकळा. माझ्याकडे आलेल्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच आहे. खड्डा दिसतो, तो कामामुळेच पडला हे दाखवायला पहिल्या दिवसाचा कागद नाही.

कायदा अगदीच नाही असे नाही. आवाजाने येणारे बहिरेपण जुन्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवण्याच्या रोगांच्या यादीत होते. पण विमान उभे राहते ती जागा हा काही कारखाना नव्हे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली व्यावसायिक सुरक्षा संहिता मात्र दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते आणि तिच्या यादीतही हा रोग आहे. तो दिसला की डॉक्टरने कळवायचे असते. कळवतो कोण, हा प्रश्न माझ्या क्षेत्रातल्या लोकांनी स्वतःलाच विचारावा. मी स्वतः कित्येक वर्षे नुसता रिपोर्ट देऊन मोकळी होत होते. पगार 21,000 रुपयांच्या आत असून ईएसआयचे कार्ड असेल तर हा व्यवसायजन्य आजार म्हणून दावा करता येतो. कार्ड नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाईची वाट आहे. 1923 च्या जुन्या कायद्याच्या अनुसूचीतही आवाजाने येणारे बहिरेपण होते.

नव्या संहिता आल्या तेव्हा सरकारने 40 वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी होणार असे जाहीर केले. चांगले आहे. पण आवाजाने कान जातो तो मुख्यतः पहिल्या दहा-पंधरा वर्षांत. पुढे वेग मंदावतो, कारण जायचे ते गेलेले असते. 21 व्या वर्षी कामाला लागलेल्या मुलाला 40 व्या वर्षी तपासणे म्हणजे घर जळाल्यावर बंब बोलावणे. गोंगाटात काम करणाऱ्याला वयाची अट नकोच. कामावर घेताना एकदा आणि मग दर वर्षी ऑडिओमेट्री, आणि तिची प्रत कामगाराच्या हातात, ही मागणी आपल्या कामगार संघटनांनी लावून धरावी. अपंगत्वाच्या दाखल्यावर भिस्त ठेवू नका. 2016 च्या कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत 60 डेसिबल घट असेल तरच माणूस 'कमी ऐकू येणारा' ठरतो. हा मुलगा त्यात कुठेच बसत नाही. कागदावर तो ठणठणीत आहे.

ठेकेदार म्हणतात, आम्ही इअरप्लग देतो, पोरेच घालत नाहीत. हे खोटे नाही. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या काँक्रीटवर इअरमफ घातला की घाम धारांनी वाहतो, वाटीची गादी कडक होते, आणि साहेबाची हाक ऐकू आली नाही तर शिव्या बसतात. गादी बदलून मिळाली, उन्हाळ्यात दोन जोड मिळाले आणि मुकादमाने स्वतः आधी घातला तर पोरे घालतात. फौंड्रीत हे घडताना मी पाहिले आहे. प्रत्येक लोडरला लाखाचा हेडसेट द्या, असे मी म्हणत नाही. त्या तीक्ष्ण आवाजाला तो लागतही नाही. चांगला साधा इअरमफ हजार-दोन हजारांत येतो आणि फोमचा प्लग काही रुपयांत. पण पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका. अमेरिकेची कामगार-आरोग्य संस्था नायॉश सांगते की मफचा छापील आकडा पावपट कमी धरा आणि फोम प्लगचा निम्मा, कारण प्रत्यक्षात लोक तो नीट बसवत नाहीत. प्लग दोन बोटांत लाटून बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, आत सारून अर्धा मिनिट दाबून धरायचा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला प्लग म्हणजे दागिना. इंजिनाच्या अगदी जवळ काम असेल तर प्लग घालून वरून मफ. दोघांच्या आकड्यांची बेरीज होत नाही, 5 ते 10 डेसिबलची जादा भर पडते, पण ती मोलाची आहे.

त्या मुलाला हे सगळे करून दाखवले. इअरबड बसमध्ये वापर म्हटले. इथल्या एमआयडीसीत काम करणाऱ्या त्याच्या चुलतभावालाही घेऊन ये म्हटले, कारण कोल्हापुरात विमानापेक्षा फेटलिंगने गेलेले कान कितीतरी जास्त आहेत. सीपीआरमध्येही कान-नाक-घसा विभाग आहे. ज्यांना माझ्याकडे यायचे नाही त्यांनी तिथे जावे. तपासणीच्या आधी निदान 14 तास गोंगाटापासून लांब राहायचे, म्हणजे थकलेला कान आणि मेलेला कान यांतला फरक कळतो.

तो आता 14 एप्रिलला गावी येणार आहे. पुन्हा तपासू म्हणाला. मिरवणुकीच्या आधी ये, असे बजावले आहे. डॉल्बीपुढे नाचून आल्यावर मी त्याला मशीनवर बसवणार नाही.